निकालाच्या फलकावर नसलेली मुलं

महाराष्ट्राच्या दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के लागला. २०१९ साली तो ७७.१० वर आला, २०२० मध्ये ९५.३० वर गेला आणि २०२१ मध्ये ९९.९५ वर. हे चार आकडे मनात ठेवून संत्र्याच्या वरूड तालुक्यातल्या कुठल्याही शाळेचा विचार करून पाहा. या चार वर्षांत शिक्षक बहुतेक तेच होते, बाकं तीच होती, प्रयोगशाळेचं कुलूपही तेच. मग २०१९ मध्ये बारा टक्के मुलांचं शहाणपण कुठं गेलं, आणि वर्षभरात अठरा टक्के मुलांना ते कुठून आलं? कारण साधं होतं. २०१९ ला नवा अभ्यासक्रम होता, आणि भाषा व सामाजिक शास्त्रांमध्ये शाळेच्या हातात असलेले वीस गुण मंडळाने काढून घेतले होते. ओरड झाली, गुण परत आले, निकाल वर चढला. त्याच २०२० मध्ये करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि त्याचे गुण सरासरीने दिले गेले. २०२१ मध्ये तर लेखी परीक्षाच झाली नाही. ज्या वर्षी मुलांना सर्वांत कमी शिकवलं गेलं, त्या वर्षीचा निकाल सर्वांत मोठा.

तरीही दर उन्हाळ्यात वरूडची माणसं याच आकड्यावर शाळेची पारख करतात. निकाल लागला की चौकाचौकांत फ्लेक्स चढतात, शंभर टक्क्यांची परंपरा सांगतात, गुणवंतांचे फोटो झळकतात. आणि जून तोंडावर आला की शिकल्यासवरल्या माणसाला गाठून कुणीतरी बाप विचारतोच, "दादा, कोनत्या शाळेत टाकावं पोट्ट्याले?" हा प्रश्न अत्यंत गंभीर आहे. एका कुटुंबाची तीन वर्षं आणि बहुधा एका मुलाचं आयुष्य त्याच्या उत्तरावर ठरतं. उत्तर देणारा मात्र फ्लेक्सवरचा आकडा सांगून मोकळा होतो. शाळा जोखायची ही रीत चुकीची आहे आणि तिची किंमत सर्वांत दुबळ्या घरातलं मूल मोजतं, असं माझं ठाम मत आहे.

आधी हा आकडा तयार कसा होतो ते पाहू. दहावीच्या बहुतेक विषयांत ऐंशी गुण लेखी परीक्षेचे आणि वीस शाळेकडचे. उत्तीर्ण व्हायला शंभरपैकी पस्तीस. शाळेने वीसपैकी वीस दिले, तर लेखी परीक्षेत ऐंशीपैकी पंधरा गुण मिळवणारा मुलगाही तरून जातो. त्यावर सहापैकी उत्तम पाच विषयांची टक्केवारी, त्यावर कला-क्रीडेचे वाढीव गुण. २०२५ साली राज्यात २११ मुलांना शंभर टक्के गुण मिळाले. त्या मुलांच्या कष्टाबद्दल मला आदरच आहे. पण ज्या मोजपट्टीची वरची टोकं अशी एकमेकांना चिकटली आणि खालचं टोक पंधरा गुणांवर आलं, ती दोन शाळांमधला फरक दाखवण्याच्या कामाची उरलेली नाही.

गुणांपेक्षाही मोठी गोष्ट छेदाची आहे. टक्केवारी हा अपूर्णांक असतो. आपण अंश बघतो, छेद कुणी बघत नाही. शाळेचा निकाल काढताना भागायचं कितीने? परीक्षेला बसलेल्या मुलांच्या संख्येने. म्हणजे निकाल वाढवायचे मार्ग दोन. एक, मुलांना शिकवणं. दुसरा, जी नापास होतील अशी वाटतात त्यांना परीक्षेपर्यंत पोचूच न देणं. दुसरा मार्ग सोपा, बिनखर्चाचा आणि कागदावर पूर्णपणे कायदेशीर आहे.

त्यासाठीची जागा म्हणजे नववी. २००९ चा शिक्षणहक्क कायदा पहिली ते आठवीपुरता आहे. आठवीपर्यंत शाळा मुलाला काढून टाकू शकत नाही. नववीचा उंबरठा ओलांडला की ते संरक्षण संपतं. नववीचा निकाल मंडळ लावत नाही, शाळा लावते. तो वर्तमानपत्रात येत नाही, त्याचे फ्लेक्स लागत नाहीत. एप्रिल-मे महिन्यात पालकाला बोलावून समजुतीच्या सुरात सांगितलं जातं, पोरगं कच्चं आहे, दहावीत काही खरं नाही, त्यापेक्षा दाखला काढून घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा. हा फॉर्म भरला की मूल खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसतं, आणि त्याचा निकाल नियमित विद्यार्थ्यांच्या निकालात धरला जात नाही. शेतमजूर बाप मास्तरांच्या शब्दाला मान देतो, सही करतो किंवा अंगठा देतो. त्यांतली बरीच मुलं तो फॉर्म कधी भरतच नाहीत, कारण भरायचा कुठं, केव्हा, कशाच्या जोरावर, हे सांगायला नंतर कुणी येत नाही. ही रीत एखाद्या शाळेची किंवा एकट्या वरूडची नाही. राज्यभरच्या शिक्षकांना ती ठाऊक आहे, आणि अनेकांना तिची मनापासून लाज वाटते.

वरूड-मोर्शीच्या शेतकऱ्याला फळगळ समजावून सांगावी लागत नाही. आंबिया बहाराची फळं पावसाळ्याच्या शेवटी गळायला लागली की तो झाडावर काय उरलं एवढंच पाहून घरी येत नाही. खाली वाकून गळलेली फळं उचलतो, देठ तपासतो, रोगाची गळ आहे की अन्नाची, पाणी जास्त झालं की कमी, हे विचारत फिरतो. झाडाची खरी हकिकत त्याला खाली पडलेल्या फळांतून कळते. हाच माणूस पोराची शाळा निवडताना मात्र फक्त झाडावर टिकलेल्या फळांचे फोटो बघतो.

शाळेतली गळ मोजणं अवघड नाही. प्रत्येक शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असतं. त्यातून एखाद्या वर्षी जूनमध्ये आठवीत असलेली नावं काढावीत. रीतसर दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेलेली मुलं वजा करावीत. उरलेल्यांपैकी किती जण वेळेवर, नियमित विद्यार्थी म्हणून दहावीला बसले आणि किती उत्तीर्ण झाले, ते पाहावं. नुसत्या हिशेबासाठी समजा, एका शाळेत आठवीत शंभर मुलं होती. सत्तर दहावीला बसली, अडुसष्ट पास झाली. फ्लेक्सवर निकाल ९७ टक्के. दुसऱ्या शाळेतही शंभर होती. ब्याण्णव बसली, अठ्ठ्याहत्तर पास झाली. निकाल पंच्याऐंशीला टेकलेला, गावात नाव कमी, पुढच्या वर्षी प्रवेश कमी. पण या दुसऱ्या शाळेने पहिलीपेक्षा दहा मुलं जास्त पार लावली, आणि जी चौदा नापास झाली त्यांनाही परीक्षेच्या मंडपापर्यंत हाताला धरून नेलं. नापास झालेल्या मुलाला पुरवणी परीक्षा असते. दाखला काढून नेलेल्या मुलाला काय असतं?

या गळतीत कोण असतं, हे वरूडात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. सातपुड्याच्या पायथ्याचा, मध्य प्रदेशाला लागून असलेला हा तालुका संत्र्याचा. रेल्वेनेसुद्धा स्टेशनच्या नावात 'ऑरेंज सिटी' लिहिलं. ज्याची बाग आहे, विहिरीला पाणी आहे, त्याचं मूल आधी कॉन्व्हेंटमध्ये जातं आणि पुढं अमरावती-नागपूरच्या क्लासला. जिल्हा परिषदेच्या, नगर परिषदेच्या आणि संस्थांच्या अनुदानित मराठी शाळांत उरतात ती बहुतेक बागेत राबणाऱ्यांची मुलं. तोडीच्या दिवसांत बाप पहाटे ट्रकवर असतो, आई निवडीला आणि पॅकिंगला. कापूस फुटला की थोरली पोरगी वेचणीला जाते, नाहीतर धाकट्याला सांभाळायला घरी राहते. मुलताई-बैतूलकडून कामाला येऊन इथं स्थिरावलेल्या घरांत मुलं हिंदी किंवा गोंडी बोलतात आणि शाळेत येऊन मराठीतून विज्ञान शिकतात. अशा मुलाला आठवीतून दहावीत नेणारी शाळा आणि आधीच क्लास लावलेल्या, घरात अभ्यासाची खोली असलेल्या मुलाला नव्वद टक्के मिळवून देणारी शाळा, या दोघींना एकाच आकड्याने मोजणं हा हिशेबही नाही आणि न्यायही नाही.

अमेरिकेत जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाने १९६६ साली सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांच्या पाहणीचा अहवाल सरकारला दिला. मुलांच्या यशातला फरक शाळेच्या इमारती-साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीने जास्त ठरतो, हा त्याचा निष्कर्ष जगभर गाजला. तो पुढे करून अनेकांनी हात वर केले, शाळा काय करणार, सगळं घरावर आहे. पण त्याच अहवालातली दुसरी गोष्ट कमी लोकांनी वाचली. शाळा चांगली की वाईट याचा फरक वंचित घरांतल्या मुलांना अधिक पडतो, असंही त्यात होतं. सुखवस्तू मूल कुठल्याही शाळेत निभावून नेतं. मजुराच्या मुलाचं मात्र सगळं शाळेवर असतं. म्हणून शाळेची पारख करायची तर याच मुलापासून करायला हवी.

इंग्लंडने ही वाट आपल्या आधी चालून पाहिली आहे. १९९२ पासून तिथं शाळांच्या निकालांचे तक्ते छापले जाऊ लागले. श्रीमंत वस्तीतल्या शाळा वर आणि गिरणी-खाणींच्या गावातल्या शाळा खाली, हे चित्र पाहून मूल शाळेत आलं तेव्हा कुठं होतं आणि गेलं तेव्हा कुठं पोचलं, हे मोजायची मागणी झाली. २०१६ पासून माध्यमिक शाळांसाठी असा प्रगतीचा आकडा मुख्य झाला. पण तिथंही काही शाळा कच्च्या मुलांना अंतिम परीक्षेच्या आधी पटावरून उतरवतात, असं तपासणी यंत्रणेलाच जाहीरपणे म्हणावं लागलं. वरूडच्या नववीत जे होतं आणि तिथं अंतिम परीक्षेआधी जे होतं, त्यांत तत्त्वतः फरक नाही. आणि शाळेवर एका शब्दाचा शिक्का मारायची पद्धत तर त्यांनी २०२४ च्या सप्टेंबरात बंद केली. तपासणीनंतर एका मुख्याध्यापिकेने जीव दिला होता, आणि त्या मृत्यूला तपासणीचा हातभार लागला असं चौकशीत नोंदवलं गेलं होतं. संपूर्ण शाळा एका शब्दात किंवा एका आकड्यात बसवायचा हट्ट धरला की शेवटी माणसं चिरडली जातात.

खरं तर आपल्याला हे इंग्लंडकडून शिकायची गरज नव्हती. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन ठेवलं. त्या काळी परीक्षेच्या निकालावर शाळेचं अनुदान ठरवायची पद्धत होती. जोतीरावांनी सांगितलं, की ही पद्धत खालच्या वर्गांच्या शिक्षणासाठी उपयोगाची नाही. या वर्गांत शिक्षणाची गोडी अजून निर्माण व्हायची आहे, तिथं निकालावर पोट भरायच्या भरवशावर कुठला मास्तर शाळा काढील? त्यांच्यासाठी सरकारनेच शाळा चालवल्या पाहिजेत आणि खास उत्तेजन दिलं पाहिजे. रयतेच्या साऱ्यातून उभा राहिलेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हेही त्यांनी त्याच निवेदनात स्पष्ट केलं. निकालावर शाळेचं मोल ठरवलं की शाळा सोप्या मुलांकडे वळते, ही गोष्ट त्यांना एकशेचाळीस वर्षांपूर्वी दिसली होती. वरूडच्या महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. त्यांचा हा युक्तिवाद मात्र आपल्या निकालाच्या चर्चेत कुठं ऐकू येत नाही.

वऱ्हाडातल्या शाळा ज्यांनी उभ्या केल्या त्यांचा माप घ्यायचा दृष्टिकोनही असाच होता. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्थेची उभारणी केली, पण त्याच्या आधीच अमरावतीत सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय सुरू झालं होतं. आधी वसतिगृह, मग संस्थेचा विस्तार. खेड्यातलं मूल शहरात राहील कुठं, जेवेल काय, हा प्रश्न त्यांच्या लेखी शिक्षणाच्या बाहेरचा नव्हता. जी मुलं शाळेच्या दारापर्यंत येऊच शकत नव्हती, ती किती आत आली, यावर त्या पिढीने आपलं काम तोललं. आज त्याच परंपरेतून वाढलेल्या शाळा, जी मुलं आत आलेली आहेत त्यांतली नकोशी कोणती, हे नववीत ठरवत असतील, तर घसरण गुणवत्तेची नंतर, आधी हेतूची आहे.

इथं मला माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडं भांडायचं आहे. परीक्षा म्हणजे सर्वस्व नव्हे, गुणांना महत्त्व देऊ नका, असं म्हणणं सुशिक्षित घरांत शोभून दिसतं. मजुराच्या मुलीला ते परवडत नाही. अकरावी, आयटीआय, तंत्रनिकेतन, परिचारिकेचा अभ्यासक्रम, भरतीचा अर्ज, यांतल्या प्रत्येक दारावर दहावीची गुणपत्रिकाच मागतात. तिच्या हातात दुसरा कुठलाही दाखला नाही, मामा-काकांची ओळख नाही. म्हणून परीक्षेचा आकडा फेकून द्या असं मी म्हणत नाही. तो पूर्ण छेदासकट सांगा, एवढंच म्हणतो.

आणि शिक्षकांच्या खोलीत सर्रास बोललं जाणारं एक वाक्य आहे, "आमच्याकडे मुलंच तशी येतात." त्यात तथ्य आहे. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी जवळपास एक चतुर्थांश मुलांना आपल्या भाषेतला दुसरीचा मजकूर सलग वाचता येत नव्हता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं गणित फक्त ४३.३ टक्के मुलांना जमलं. आठवी-नववीच्या वर्गात अशी मुलं रोज बसतात, समोर बीजगणित चालू असतं आणि त्यांना भागाकार येत नसतो. हा दोष त्या वर्गावरच्या शिक्षकाचा नाही. पण मूल तसं आलं हे कळल्यावर शाळेने जूनमध्ये काय केलं, हा प्रश्न त्याच्याकडेच येतो. आठवीत आलेल्या प्रत्येक मुलाला एक उतारा वाचायला आणि एक भागाकार करायला देऊन त्याची नोंद ठेवणारी शाळा, आणि मार्चमध्ये तोच उतारा पुन्हा वाचून घेणारी शाळा, माझ्या मते तालुक्यातली सर्वांत चांगली शाळा असेल, तिचा फ्लेक्स असो वा नसो. "मुलंच तशी येतात" हे वाक्य कामाची सुरुवात म्हणून बोललं तर खरं आहे. सबब म्हणून बोललं की त्यातून नववीचा दाखला निघतो.

पालकाने शाळेत जाऊन काय पाहावं? पहिली गोष्ट, नववीचा वर्ग. दहावीच्या वर्गावर प्रत्येक शाळा आपला उत्तम शिक्षक लावते, जादा तास घेते. नववीला गणित कोण शिकवतं, इंग्रजी कोण शिकवतं, आणि तो त्या विषयाचा आहे की वेळापत्रकातली जागा भरायला पाठवलेला आहे, हे विचारावं. दोष शाळेचाच असेल असं नाही. २ मे २०१२ च्या निर्णयाने शिक्षकभरती थांबली, पुढं पवित्र पोर्टल आलं तरी ती थेंबाथेंबाने झाली. निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षकाची जागा वर्षानुवर्षं रिकामी राहिली आणि मराठीच्या बाईंनी भूमिती शिकवली, अशा शाळा वऱ्हाडात शोधाव्या लागत नाहीत. विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांत तर पूर्ण पगाराची वाट पाहत माणसं पन्नाशीला आली. हे कळल्यावर पालकाचा राग योग्य दारी जाईल, त्यासाठी तरी विचारावं.

दुसरी गोष्ट मुलींच्या स्वच्छतागृहाची. कुणी सोबत नसताना, मधल्या सुट्टीत. तिथं पाणी आहे का आणि कडी लागते का, यावर मोठ्या मुलींची महिन्यातल्या चार-पाच दिवसांची हजेरी ठरते. डिसेंबर २०२० मध्ये शासनाने शाळांतली शिपायांची पदं मोडीत काढून त्याऐवजी शिपाई भत्ता देऊ केला. जुने शिपाई निवृत्त होत गेले तशी ती जागा कुणाचीच राहिली नाही. मुंबईत निघालेल्या कागदाचा परिणाम नववीतल्या मुलीच्या हजेरीपटावर असा उतरतो.

तिसरी गोष्ट एसटीची. पुसला, लोणी, बेनोडा, राजुरा बाजार, शेंदूरजना घाट, जरूड अशा गावांकडून येणाऱ्या मुलींना पास फुकट मिळतो, पण पासाला बस लागते. शाळा सुटायची वेळ आणि परतीच्या गाडीची वेळ जुळत नसेल, तर जादा तास कितीही चांगला असो, तो गावातल्या मुलांपुरताच असतो. एखाद्या मुख्याध्यापकाने आगारात चार खेटे घालून गाडी अर्धा तास पुढं ढकलून घेतली, तर त्याचं हे काम कुठल्याही मूल्यांकनात धरलं जात नाही. मी ते पहिल्या रांगेत धरीन.

शासनाच्या मूल्यांकनांबद्दल थोडक्यात. २०१५ पासून शाळासिद्धी, मग 'माझी शाळा, सुंदर शाळा', आता १२८ मानकांचा गुणवत्ता आराखडा. त्यांत चांगले मुद्दे आहेत. पण बहुतेक माहिती शाळाच भरते, फोटो शाळाच चढवते, आणि ते भरायला वर्गावरचाच शिक्षक लागतो. भिंती रंगल्या, परसबाग झाली, हे उत्तमच आहे. मात्र गेल्या तीन वर्षांत आठवीतून निघालेली किती मुलं दहावीला पोचली नाहीत आणि ती आज काय करतात, हा प्रश्न नावागावानिशी विचारला जात नाही, तोवर बाकीच्या मानकांनी माझं समाधान होत नाही.

शासनाच्या हातातलं खरं वजन तर वेगळ्याच मापाला आहे, पटसंख्येला. संचमान्यता, म्हणजे शाळेला मंजूर होणारी शिक्षकांची पदं, पटावर ठरते. १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने कमी पटाच्या वर्गांसाठी निकष आणखी कडक केले, तेव्हा शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या. त्याचा परिणाम उन्हाळ्यात दिसतो. शिक्षक ऐन मे महिन्यात खेडोपाडी मुलं मिळवायला फिरतात, सायकल देऊ, दप्तर देऊ, ऑटोचं भाडं भरू. काही जण पदरचे पैसे घालतात. मूल जूनमध्ये पटावर हवं असतं, कारण त्यावर नोकरी आहे. तेच मूल दोन वर्षांनी दहावीच्या यादीत नको असतं, कारण त्यावर निकाल आहे. एकाच मुलाला दोन तोंडांनी ओढणाऱ्या या दोन मापांच्या मध्ये शिक्षकही भरडला जातो, हे मान्य करूनच मी ही टीका करतो आहे. आणि लहान गावातल्या पंचवीस-तीस मुलांच्या हायस्कुलाचा निकाल कितीही सामान्य असला तरी ते बंद पडलं की त्या गावातल्या मुलींचं शिक्षण आठवीवर थांबतं. तिथं शाळा चालू असणं हीच तिच्या गुणवत्तेतली मोठी बाब आहे.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. वरूड तालुक्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेने निकालाच्या फलकाशेजारी तीन ओळी लिहाव्यात. तीन वर्षांपूर्वी आठवीत किती होते, त्यांतले किती नियमित म्हणून परीक्षेला बसले, किती उत्तीर्ण झाले. पालक-शिक्षक संघाने या ओळी मागाव्यात, वार्ताहरांनी गुणवंतांच्या फोटोंबरोबर त्या छापाव्यात. शाळेने स्वतःहून लिहिल्या नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

आणि जी नावं मधल्या मध्ये गळाली, त्यांचे पत्ते त्याच रजिस्टरमध्ये आहेत, बहुतेकांचे फोन नंबरही आहेत. त्यातली काही मुलं याच गावात संत्र्याच्या पेट्या भरत असतील, काही गॅरेजवर, काही मुलींची लग्नं ठरत असतील. खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसायला पाचवी उत्तीर्ण असलेलं चालतं. ज्या सतरा नंबरच्या फॉर्मने त्यांना बाहेर काढलं, तोच त्यांना आत आणू शकतो. त्याची मुदत दरवर्षी परीक्षेच्या कित्येक महिने आधी संपते. तेव्हा शाळेतल्या दोन शिक्षकांनी पावसाळ्यातली एक दुपार काढून गेल्या तीन वर्षांची यादी करावी, दिवाळीच्या आत प्रत्येकाच्या घरी जाऊन यावं, आणि मध्येच शाळा सुटलेल्या मुलांसाठी संध्याकाळी सात ते नऊ एक वर्ग उघडा ठेवावा. पुढच्या उन्हाळ्यात कुणी मला शाळा विचारली, तर हे करणाऱ्या शाळेचं नाव मी आधी सांगेन.